वर चढणारा रंग

“ते चित्र उलटं लागलंय. काढ आधी,” अनंता म्हणाला.

शिडीवरचा मांडववाला हसला. “उलटं व्हतं साहेब, मीच सरळ केलं. रंग खालून वर कसा वाहंल? पानी तरी जातंय का?”

तीस वर्षांत कुणा समीक्षकाला हे सुचलं नव्हतं.

त्याची कामाची रीतच तशी होती. कॅनव्हास उभा ठेवून तो पातळ रंग वाहू द्यायचा. वाळला की चित्र खालचं वर करायचा आणि मग सही. ‘अनंता भोईरांचा रंग वर चढतो’ यावर जाणकारांनी पानंच्या पानं खरडली होती. मुंबई-दिल्ली झाली, परदेश झाला. खाडीवरचा कशेळीचा पूल ओलांडून मात्र एकही चित्र इकडे गावी आलं नव्हतं. “गावात कोण बघणार? पोरानं रंग सांडला म्हणतील,” असं तो सांगायचा. गावानं ते शिष्टपणात जमा केलं होतं.

आता पुतण्यानं, दीपेशनं, गावात, म्हणजे पूर्ण्यात, नवं गोडाऊन बांधलं होतं. उद्‌घाटनालाच काकाचा सत्कार ठेवला आणि काकाला न सांगता मुंबईहून चित्र विकत आणलं.

“दीपेश, लोक यायच्या आत फिरव ते. माझं नाव जाईल.”

“सही उलटी दिसते एवढंच ना काका? इकडं सही कोन बघतोय!”

शिडी तोवर गेटकडे गेली होती. अनंतानं खुर्ची ओढली, वर चढला, पण वरच्या खिळ्यापर्यंत हात पुरेना. सरळ झालेल्या चित्राकडे त्याला बघवत नव्हतं. मधोमध काळं वर्तुळ, त्यात उतरत गेलेले करडे पट्टे, तळाशी निळा तुकडा आणि त्यावर पिवळी रेघ. तो तुकडा त्याच्या प्रत्येक चित्रात असायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, “तोल साधायला.”

लोक येऊ लागले तसा तो खुर्चीवरून उतरला.

पहिल्या रांगेत जानकीबाईला बसवलं. तिचा मुलगा काळूराम अनंताचा बालमित्र. चौऱ्याहत्तर साली, गावातली जुनी विहीर बुजवत होते त्याच दिवसांत, भर दुपारी घरातून गेला, तो परतला नाही. मुंबईला पळाला, असं सगळे म्हणाले. अनंता तेव्हा मुंबईत चित्रकला शिकत होता. तो गावी आला की म्हातारी विचारायची आणि तो म्हणायचा, “शोधतोय मावशी.” पुढे त्याचं येणंच कमी झालं.

“अनंता, माजा काळूराम दिसला का रं कुठं?”

“न्हाय गं मावशी.”

तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. तो हात कधी निघतो असं त्याला झालं.

मग तिची नजर वर गेली आणि तिथेच राहिली.

“त्याला काही अर्थ नसतो मावशी,” तो घाईनं म्हणाला. “नुसते रंग असतात.”

“न्हाय कसा? ही आपली बुजवलेली विहीर. वरून वाकून बघितली का अशीच दिसायची. या बघ पायऱ्या.”

लोक खदखदून हसले. दीपेशनं टाळ्या वाजवल्या. “घ्या काका! मोठमोठ्यांना जमला न्हाय, आपल्या मावशीला चित्र कळलं!”

अनंताही हसला.

जानकीबाई काठी टेकत भिंतीपाशी गेली. निळ्या तुकड्यावर तिनं बोट ठेवलं.

“मी लूमवर सुताच्या कांड्या भरायचे ना, तवा कापडाच्या एका निळ्या थानात चुकून यो पिवळा धागा आलेला. मालक वरडला, पन तेवढा तुकडा मलाच दिला. एकच सदरा झाला त्याचा. सकाळी हातानं शिवला नि दुपारी काळूराम घालून भायेर पडला. गावात कुनी नीट बघितला पन न्हाय.”

ती सावकाश वळली.

“तू तर तवा मुंबईत व्हतास ना रं, अनंता?”