बिनधुराची चूल

रोहिणीनं पाच वर्षं खपून बिनधुराची चूल बनवली आणि चाचणीसाठी चुडाव्यात सुलामावशीच्या घरी बसवली. मुंबईहून समिती बघायला येणार होती. चूल पसंत पडली तर राज्याच्या हवामान धोरणात जाणार, न्हाई तर प्रकल्प बंद आणि रोहिणीची नोकरीही गेली.

चूल इतकी भारी निघाली की दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या बाया डोळ्याला पदर लावून, पिठलं-भाकरी घेऊन मावशीच्या दारात हजर. "कालपासून घरावर धूर दिसंना. आमाला वाटलं, दत्तराव गेले."

मावशीचे मालक दत्तराव समोर बाजेवरच बसले होते. त्यांनी पिठलं खाल्लं, वर मीठ कमी हाय म्हणाले.

समितीची गाडी आली त्या सकाळी घरावर धुराचा हा मोठा लोट. रोहिणी रडकुंडीला येऊन आत पळाली. मावशी नव्या चुलीवर भाकरी भाजत होती, तिथं धूर नावाला नव्हता. मागं परसात दत्तराव ओल्या गोवऱ्या पेटवून वारा घालत बसले होते.

"काका, पाया पडते, विझवा हे. माझी नोकरी जायलीय."

 

दत्तराव खोकत खोकत म्हणाले, "तुजी नुस्ती नोकरी जाईल, पोरी. ह्यो धूर थांबला की मी मेलोच."