पूजा झालेला कॉम्प्युटर

"कुंकू आत गेलं असणार," शेंडगेशेठ पडद्याकडे बघत म्हणाले. "काकू, मशीनवर एवढं उधळायचं असतं का?"

वत्सलाकाकू झेंडूचा हार हातात धरून उभ्या होत्या. छापखान्यातली खंडेनवमीची पूजा त्यांच्याकडे. पूजा झालेलं यंत्र दुसऱ्या दिवसापर्यंत चालू करायचं नाही, म्हणून काल त्यांनीच कॉम्प्युटर बंद करायला लावला होता. आज दसरा. एका नव्या दुकानाच्या उद्घाटनाचा फलक न्यायला माणूस येऊन बसलेला, आणि सगळी डिझाइन्स असलेली डिस्कच कॉम्प्युटरला सापडत नव्हती.

दुरुस्तीला आलेल्या केतकीने थोडा वेळ खटपट केली. "कुंकवाचा काही संबंध नाही. सुरू होताना ही डिस्क आपोआप जोडून घे, हे कॉम्प्युटरला कुणी सांगितलेलंच नाही. कुणीतरी एकदा हाताने जोडली आणि तसंच सोडून दिलं. त्यानंतर तो कधी बंदच झाला नाही, म्हणून चाललं. छपाईचा प्रोग्राम बिचारा आज उठला, डिस्क दिसली नाही, परत झोपला."

"कुणी जोडली होती?" काकूंनी विचारलं.

शेठ डोकं खाजवू लागले. मेकॅनिक न बोलावता आपण ही डिस्क दोन मिनिटांत कशी जोडली, हे ते गेल्या दिवाळीपासून सगळ्या गल्लीला ऐकवत होते.

केतकीने तशी सूचना एका ओळीत लिहून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. डिस्क आली, मशीन घरघरलं, फलक हळूहळू बाहेर सरकू लागला.

काकूंनी करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं आणि शेठच्या कपाळाला लावलं.

"झाली पूजा," त्या म्हणाल्या. "आता उद्यापर्यंत चालू व्हायचं नाही."