गोठ्यातली सायकल

"डोंगर काय सायकलने चढतात?" मी आईला चिडवलं.

"गुडघे चढासाठी राखून ठेवलेत," हेल्मेटचा पट्टा लावत ती म्हणाली. पायथ्यापर्यंतचा जंगलातला लांबलचक कच्चा रस्ता ती हल्ली गिअरच्या सायकलने संपवायची आणि धनगरवाड्यातल्या ठकूबाईंच्या गोठ्यात सायकल ठेवून वर जायची.

त्या रविवारी उतरून आली तर सायकल पंक्चर. ती तिथेच सोडून आई दुधाच्या जीपने परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता कोसळली.

सगळ्यांना दादानेच कळवलं. घरी येणाऱ्यांना आधीच माहीत असायचं, त्यामुळे ते वाक्य माझ्या तोंडून निघायची वेळच आली नाही. मी आल्यागेल्याला चहा देत राहिले.

महिन्याभराने सायकल आणायला गेले.

"लेक ना तू? तोंडवळा तोच. बाई कुठाय?" ठकूबाई हसत म्हणाल्या. "बोकडानं शीट खाल्लं तिचं. आता पोत्यावर बसून जा म्हणावं!"

सीटवर त्यांनी खरंच पोतं बांधलं होतं. त्या माझ्यामागच्या वाटेकडे बघत राहिल्या.

"मावशी," मी म्हणाले, "आई गेली."