रथ कुणाच्या दारी

सिद्धेश्वराच्या रथात, मूर्तीला खेटून, यात्रा समितीचे अध्यक्ष गळ्यात हार घालून बसले होते. दरसाल रथ खालच्या गल्लीत जायचा. पण यंदा अध्यक्षांच्या बंगल्यापुढं उमरग्याचा ड्रोनवाला रथाचं शूटिंग करायला ताटकळला होता. "गल्लीत काय ठेवलंय? सरळ बंगल्याकडं घ्या!" अध्यक्ष वरून खेकसले. पुढं दोर धरलेले म्हातारे महांतप्पा थांबून पचकन थुंकले. "अध्यक्ष, ज्यांना देवळापतूर येता येत न्हाय, त्यांच्या दारी जायला देव रथात बसतो. तुमचे पाय धड हायत. उतरा, चालत जावा!" त्यांनी दोर सोडला, तसा हसत हसत सगळ्यांनीच सोडला. बराच वेळ रथ जागचा हलला नाही. अखेर अध्यक्ष हार सावरत उतरले, तेव्हा रथ गल्लीत वळला. पाय गेलेल्या शांताक्कांनी उंबऱ्यातूनच हात जोडले. "लई उशीर केलास रं, महांतप्पा." "वाटेत जरा ओझं उतरवलं, अक्का."