एकच स्टूल

शटर वर ढकलता ढकलता पोरीने कंबर धरली, आणि नेमकं ते बापाने बघितलं.

"काय झालं?"

"काही नाही हो बाबा. सकाळी जरा आखडते. दुपारपर्यंत सुटते आपोआप."

बापाच्या हातातलं कुलूप खाली पडलं. तरुणपणी तो स्वतः हेच बोलला होता, अगदी असंच, हसत. आता त्याच्या पाठीची कमान झाली होती. गिऱ्हाइकाचं तोंड बघायचं तर डोळे कपाळात न्यावे लागत. मान वळायचीच नाही. हाक मारली की अख्खा माणूस वळायचा, कपाट सरकवल्यासारखा.

त्या घरात सगळेच वाकलेले. आजोबा शिंपी, म्हणून दोष मशीनचा. काका ट्रक चालवायचा, दोष सीटचा. आत्याने ना मशीन चालवलं ना ट्रक, मग तिच्या बाळंतपणाला धरलं. प्रत्येक पाठीला वेगळा आरोपी सापडला होता. "आमचं घराणंच नम्र," बाप गिऱ्हाइकांना सांगायचा. गिऱ्हाइकं हसायची. पोरीचं डोकं फिरायचं.

आपल्या पोरीपुरता त्याने बंदोबस्त केला होता. दुकानात स्टूल एकच, मशीनपुढचं, त्याचं. शाळा सोडून ती दुकानात यायला हटून बसली, तेव्हा त्याने अट घातली. कामं सगळी उभ्याने. मापं घे, कापड काप, इस्त्री मार. मशीनला हात लावायचा नाही.

आणि पोरगी तर जात्याच कारागीर. कुणाचा डावा खांदा उतरता आहे, हे ती माणूस दारात असतानाच सांगायची. मशीनवरून दोघांचं रोज वाजायचं.

"तुम्हाला माझं बरं बघवतच नाही."

"ताठ चालतेस ना? मग गप."

तो कपडे पोचवायला गेला की ती स्टुलावर चढायची. चिंध्यांवर टिपा मारायची, आखल्यासारख्या सरळ. तो यायच्या आत सगळं उसवून, चिंध्या परत पोत्यात.

बापाने तिला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, कमरेचे फोटो काढले. डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघत होत्या. पोरीला राहवेना. बापाकडे न बघता ती म्हणाली, "मी चोरून मशीन चालवते. त्यानेच झालं ना?"

बाप अख्खा तिच्याकडे वळला.

"मशीनचा काही संबंध नाही गं," बाई म्हणाल्या. "हे जन्माबरोबर येतं. जनुकात एक छोटासा फरक असतो, तो आईबापाकडून मुलांत उतरतो. मग कधी कधी अंगातले रखवालदारच घरच्यांना चोर समजून बडवायला लागतात. मणके सुजतात, हळूहळू एकमेकांना चिकटतात. फरक असला म्हणजे आजार होतोच असं नाही. पुष्कळांना आयुष्यभर काही होत नाही." त्यांनी पुन्हा एकदा फोटो उजेडात धरला. "तुझा सुरू झालाय."

"मग माझ्यात कुणाकडून आला?"

बाईंनी बापाकडे बघितलं. बाप जमिनीकडे बघत होता. त्याची नजर तशीही तिथवरच पोचायची.

औषधं आहेत, बाई म्हणाल्या. कुणाला लागू पडतात, कुणाला नाही. व्यायाम सोडायचा नाही. चिकटलेलं मात्र पुन्हा सुटत नाही.

दोघं दवाखान्यातून थेट दुकानावर आले. दुकान उघडलं. पोरगी सवयीने इस्त्रीच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. एक पँट पसरली, तिच्यावर पाणी मारलं.

बाप स्टुलावर बसलाच नाही. एका हाताने मशीनचा आधार घेतला आणि पायाने स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"बस," तो म्हणाला. "बघू तुझी टीप कशी येते."

ज्या स्टुलासाठी ती इतकी भांडली, ते समोर रिकामं होतं. पोरगी हलली नाही. तिला वाटलं, बापाने एकदा, फक्त एकदा, पूर्वीसारखं खेकसावं: मशीनला हात लावायचा नाही.