दोन दोरे

"कॉलेज लांब आहे, कुमुद. मॅट्रिक झालीस, पुष्कळ झालं," म्हणत अण्णांनी अडकित्ता उचलला. म्हणजे विषय संपला.

कुमुदच्या लेखी संपला नव्हता. हायस्कुलात भूगोलाच्या बाईंनी वळणावळणाचा रस्ता दोऱ्याने मोजायला शिकवलं होतं. तिने जिल्ह्याचा नकाशा जमिनीवर पसरला, आईच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा रस्त्याच्या रेघेवरून कॉलेजपर्यंत नेला आणि नकाशाखालच्या प्रमाणपट्टीवर धरला.

"एकोणीस मैल."

"मग? लांबच की!"

तिने दुसरा दोरा घेतला. तो घाट चढला, नदी ओलांडून गेला आणि थोरल्या बहिणीच्या सासरी थांबला.

"चौतीस. आक्काला तिकडे दिलंत तेव्हा लांब म्हणाला नाहीत, अण्णा."

स्वयंपाकघरातली भाकरीची थपथप थांबली.

"दोरा सैल सोडलास तू."

"मग तुम्ही धरा."

अण्णांनी चष्मा लावून दोन्ही दोरे पुन्हा मोजले. आकडे तेच आले. मग आक्काच्या दोऱ्यावरून त्यांनी सावकाश बोट फिरवलं.

"शनिवारी कॉलेजच्या गावाहून घरी यायला एस.टी. आहे का, विचारून ठेव," अखेर ते म्हणाले, "आणि आक्काच्या गावची पण विचार."