कार्बाइडचं टोक

नवऱ्यानं हाकललं तेव्हा माझी आंदणाची भांडी सासूनं ठेवून घेतली. आता मी सेनगावात भांड्यांच्या दुकानात बसते आणि मशीननं भांड्यांवर नावं टाकते.

काल तीच सासू माझा स्टीलचा हंडा घेऊन दुकानात आली. मला पाहून लाजली सुद्धा न्हाई.

"राखेनं घासलं, विटकरीनं घासलं, तुझं नाव निघूनच न्हाई राहिलं. ही जमना कोण, म्हणून नवी सून रोशनी रोज इचारून राहिली. खोडून टाक."

"कार्बाइडच्या टोकानं कोरलेलं हाय. ते टोक स्टीलला चिरतं, तिथं विटकर काय करंल? खोडता येत न्हाई. पर माझ्या नावाच्या आजूबाजूला असं लिहून देते, की रोशनी पुन्हा इचारणार न्हाई."

"दे मंग. खोल लिव्ह, कधी जाऊ नये असं."

सासूला वाचता येत न्हाई. रोशनी बारावी शिकलेली आहे.



मी खोल कोरलं: पहिली जमना, दुसरी रोशनी, तिसरी... आणि पुढं एका नावाची जागा मोकळी सोडली.